ओल्या रंगाचा धंदा : आमची वाटचाल

आमचा स्टुडिओ म्हणजे दोन माणसं. तैलचित्रं मी काढते. पॅनेलं, म्हणजे चित्रासाठीच्या फळ्या, तयार करणं, फ्रेम, पॅकिंग, हिशोब आणि गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणं हे सगळं धाकट्या भावाकडे. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड, आणि ते त्याला बरंच उशिरा जमलं.

लहान चित्रं करायची असं काही ठरवून सुरुवात केली नव्हती. जागाच एवढीशी होती. इझल, टेबल आणि माझी खुर्ची मांडली की मागे सरकून चित्र बघायला चार पावलंही उरत नसत. मोठा कॅनव्हास लांबूनच तपासावा लागतो. वीतभर चित्र बसल्या जागी दिसतं. म्हणून १५ बाय २० सेंटिमीटरची पॅनेलं घेतली. लोक विचारायचे, “मोठी चित्रं कधी करणार?” जणू लहान चित्र म्हणजे मोठ्या चित्राचं पोर, आज ना उद्या वाढायचंच.

पहिलं वर्ष नुसती स्टिल लाईफ केली. एक लिंबू, एक काचेची बाटली, एक घडी मोडलेलं फडकं. लिंबानं मला जेवढं रडवलं तेवढं नंतर एकाही माणसाच्या चेहऱ्यानं रडवलेलं नाही. सावलीसाठी पिवळ्यात काळा मिसळला की लिंबू मळकं हिरवं व्हायचं, शेवाळ धरल्यासारखं. ती सावली रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग आणि जरासा जांभळट रंग यांतून येते, हे कळायला अर्धा डझन लिंबं सुकली. सालीवरचा उजेडाचा ठिपका मी आधी ट्यूबमधला पांढरा सरळ लावून टाकायची. नीट डोळे बारीक करून बघितलं तेव्हा दिसलं की तो पांढरा नाहीच. खिडकीतल्या आभाळाचा निळसरपणा त्यात उतरलेला असतो. आणि लिंबाची खालची कड, जी काळीकुट्ट असेल असं आपण गृहीत धरतो, ती फडक्यावरून उसळलेल्या उजेडानं चक्क उजळलेली असते. एवढ्याशा पॅनेलवर लपवायला जागा नाही. एक फटकारा चुकला तर तो चित्राचा पन्नासावा भाग असतो.

असंच एक लिंबू विकत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “याच मापात माझ्या आईचं पोर्ट्रेट कराल का?” धंदा खरा तिथून सुरू झाला.

आठ सेंटिमीटर उंचीच्या चेहऱ्यात डोळा जेमतेम एक सेंटिमीटर रुंद येतो. ओठाचा कोपरा केसभर वर गेला तर माणूस हसतो, केसभर खाली आला तर रुसतो. तोंड मी पहिल्या बैठकीत रंगवतच नाही. पहिली वीस मिनिटं माणूस फोटोला बसल्यासारखा बसतो, जबडा आवळून. मग मान दुखायला लागते, पोरांचं काहीतरी आठवतं, आणि चेहरा हळूच आपल्या मूळ जागी येतो. त्यासाठी दीड दीड तासाच्या तीन बैठका लागतात. ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्याकडून फोटो घेतो, पण फोन नाकाशी धरून काढलेला नको. तेवढ्या जवळून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. दोन मीटरवरून, खिडकीशी उभं करून काढलेला चालतो.

आता आमची सगळ्यात मोठी फजिती. एका गृहस्थांचं पोर्ट्रेट, मागे गडद काळी पार्श्वभूमी, चित्र मनासारखं जमलेलं. वाढदिवस तोंडावर आलेला. बोट लावून बघितलं तर कोरडं. भावानं बबल रॅपमध्ये गुंडाळून पाठवून दिलं. तीन दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन, “ताई, बाबांच्या कपाळावर गोल गोल ठिपके उमटलेत. हे असंच असतं का?”

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होत जातं. वरची साय चार दिवसांत धरते, आत मात्र महिनोन् महिने काम चालू असतं. शिवाय प्रत्येक रंगाची चाल वेगळी. अंबर दोन दिवसांत कोरडा, कारण त्यातलं मँगनीज वाळण्याला जोर देतं. आयव्हरी ब्लॅक आठवडाभर हटून बसतो, आणि मी तोच सढळ हातानं थापला होता. कपाळावर पांढऱ्याचा जाड थर होता, तो नुसता वरून वाळलेला. प्लास्टिकच्या फुग्यांनी आपले शिक्के मारले. चित्र परत मागवलं, कपाळ आणि पार्श्वभूमी खरवडून पुन्हा केली, वाढदिवस अर्थातच टळला. तेव्हापासून मी काळा रंग, बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळून करते. तो लवकर वाळतो आणि दिसायलाही जास्त जिवंत. पॅकिंगमध्ये रंगाला काहीही टेकत नाही. चित्र खोक्यात चारी कडांवर तोललेलं असतं.

या एका फोननं आमचं सगळं वेळापत्रक बदललं. ऑर्डर घेतानाच सांगतो, दोन महिने. निम्मे पैसे आधी, कारण रंग वाळेपर्यंत आमचे पैसेही ओलेच असतात. ज्यांना पुढच्या आठवड्यात हवं त्यांना भाऊ आता हसत हसत परत पाठवतो.

चिंधीचंही सांगायला हवं. जवसाच्या तेलानं भिजलेली चिंधी चुरगाळून टाकली तर ती स्वतःहून तापते, पेटूही शकते. आम्ही हे वाचलेलं होतं, मानलेलं नव्हतं. एका संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यातून जळकट वास आला. भावानं हात घातला तर चिंध्यांचा गोळा भाकरीसारखा गरम. आता पाणी भरलेला, झाकणाचा पत्र्याचा डबा आहे. तो रोज रिकामा होतो.

किमतीचा घोळ बरीच वर्षं चालला. सुरुवातीला आम्ही चौरस इंचावर दर लावला होता, म्हणजे फरशी बसवल्यासारखा. लहान चित्र म्हणून लोक स्वस्त मागत आणि आम्ही देतही होतो. पण बैठका तेवढ्याच, वाळायचा वेळ तेवढाच, चुकायची भीती जास्त. आता दर चेहऱ्यावर आणि बैठकींवर आहे. भावाला याबाबत एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराची गोष्ट भलतीच आवडते. यानं १८८० मध्ये अ‍ॅस्परॅगस या कोंबांच्या भाजीच्या जुडीचं चित्र शार्ल एफ्रुसी या संग्राहकाला आठशे फ्रँकला दिलं. एफ्रुसीनं हजार पाठवले. मग मानेनं एकाच कोंबाचं एक छोटं चित्र काढून पाठवलं, जुडीतला एक राहून गेला होता असं कळवत. भावाच्या मते या गोष्टीत शिकण्यासारखं काय, तर आठशे मागितले की हजार देणारं गिऱ्हाईक. मला आपला तो एकटा कोंब आठवतो, संगमरवराच्या कडेवरून जरासा बाहेर आलेला. दोनशे फ्रँकचे सुटे कुणी इतके देखणे परत केले नसतील.

दोन पोर्ट्रेटच्या मध्ये एक स्टिल लाईफ, हा माझा हट्ट. भाऊ म्हणायचा, “ताई, बाटलीला कुणी ऑर्डर दिली आहे का?” दिलेली नसते. पण चेहऱ्यांमागून चेहरे केले की हात गुळगुळीत होतो, नाकाची सावली न बघताच पडायला लागते. शिवाय “हनुवटी जरा बारीक करता येईल?” हे बाटली म्हणत नाही. पोर्ट्रेटसाठी गाजलेला अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यानं नाव ऐन शिखरावर असताना, १९०७ मध्ये, पोर्ट्रेटची कामं घेणं जवळपास बंद केलं. काही दिवशी मला त्याचं अगदी पटतं. आम्हाला ते परवडणारं नाही, म्हणून मध्ये बाटली.

शेवटचं वॉर्निश निदान सहा महिन्यांनी. म्हणून चित्र आधी घरी जातं आणि मग पुन्हा आमच्याकडे येतं, फुकट वॉर्निश करून देतो. धंद्याच्या दृष्टीनं हा वेडेपणा वाटला होता. पण परत आलेला माणूस भिंतीवरचं बाकीचंही बघतो, आणि बरीचशी पुढची कामं अशीच आली.

पहिलं पोर्ट्रेट वॉर्निशसाठी, लिंबू घेणाऱ्या त्या बाईंच्या आई स्वतः घेऊन आल्या होत्या, पदरात गुंडाळून. तेल पॅनेलनं शोषलं की गडद रंग बसतात, राखाडी दिसतात, तसे त्यांचे केस झाले होते. मी ब्रशनं वॉर्निशचा पहिला पट्टा ओढला आणि तो भाग खोल, ओलसर उठून आला. आजी चष्मा वर करून बघत राहिल्या.

“अगं, माझे केस काळे झाले की.”

भावानं मागे पेन्सिलीनं तारीख घातली, आणि म्हणाला, “दोन दिवस पदरात नका गुंडाळू.”