कॉपी

बोर्डाच्या परीक्षांचे दिवस आले की वर्तमानपत्रात 'कॉपीमुक्त अभियाना'ची बातमी कुठेतरी असतेच. परवा दुपारी ती वाचताना मला हसू आले, कारण वार्ताहराने ती धाडली तेव्हा संपादकीय टेबलावर तिलाही 'कॉपी'च म्हटले गेले असणार. ज्या नावाखाली मुलांना परीक्षेच्या वर्गातून बाहेर काढतात, ते नाव वृत्तपत्राच्या धंद्यात मात्र स्वतः लिहिलेल्या, अस्सल मजकुराला मिळाले आहे. उत्तरेकडे तर साध्या वहीला कॉपी म्हणतात, त्यामुळे तिकडे 'कॉपी काढा' असे मास्तरच सांगत असतील!

ज्यावरून खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवायचे त्या हस्तलिखिताला इंग्लंडातले मुद्रक फार पूर्वीपासून कॉपी म्हणत आले. जुळाऱ्याच्या जागेवरून पाहिले तर ते योग्यच आहे, कारण लेखकाची प्रतिभा वगैरे त्याच्या गावी नसते, त्याला समोरच्या कागदाची हुबेहूब नक्कल करायची असते. पुढे वृत्तपत्रे वाढली तसा हा शब्दही पसरला. कागद पोचवणारा पोऱ्या 'कॉपी बॉय' झाला आणि ज्याच्याविषयी लिहिले की अंक खपतो अशा वादग्रस्त माणसालाच इंग्रज पत्रकार 'उत्तम कॉपी' म्हणू लागले. आपल्याकडेही एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर वितरणवाले 'कॉपी वाढल्या' म्हणून खुशीत असत आणि वरच्या मजल्यावर उपसंपादक 'कॉपी अजून आली नाही' म्हणून डोक्याला हात लावून बसलेले असत. अंकांचा खप तपासणारी ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स १९४८ साली स्थापन झाली, ती पहिल्या प्रकारची कॉपी मोजते. दुसऱ्या प्रकारची मोजायला कोणी नाही.

माझे एक काका उपसंपादक होते. लहानपणी त्यांच्या कचेरीत गेलो की टेलिप्रिंटरच्या खडखडाटाइतकेच मला त्या कागदांचे आकर्षण वाटे. न्यूजप्रिंटचे पिवळट, खरबरीत तुकडे असत, त्यांच्या एकाच बाजूला मोठ्या अक्षरांत आणि ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडून लिहिलेले असे. काका लांबलचक बातमीचे पट्टीने तीन-चार तुकडे करीत, कोपऱ्यात आकडे घालीत आणि ते वेगवेगळ्या जुळाऱ्यांकडे धाडीत, म्हणजे एकच बातमी एकाच वेळी अनेक हातांनी जुळून होई. पाठीमागे लिहिले असते तर हे कापणे जमलेच नसते. तेव्हापासून मी कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहीत नाही. पाठकोऱ्या कागदांचा माझा ढीग पाहून घरचे वैतागतात, पण त्याला माझा इलाज नाही.

त्या तुकड्यांचे पुढे काय होई, हे मात्र मी काकांना कधी विचारले नाही. प्रूफ तपासून झाले की त्यांची गरज संपे आणि ते रद्दीत जात. म्हणजे लेखकाच्या हातचे अस्सल जे होते ते गेले आणि ग्रंथालयांनी जपून ठेवली ती यंत्राने हजारोंनी काढलेली नक्कल. योगायोग असा की दोहोंचे नाव कॉपीच.

कायद्यालाही त्या हस्ताक्षराशी फारसे कर्तव्य नव्हते. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे सक्तीचे केले. त्यांनी सरकारदरबारी केलेले प्रतिज्ञापत्र आणि नाव छापलेला अंक जुळला की जबाबदारी ठरवायला तेवढे पुरे होई. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे टिळकांचा खटला चालला तो 'केसरी'तल्या छापील लेखांवर, आणि न्यायालयात वाचले गेले ते त्यांचे सरकारी इंग्रजी भाषांतर. त्या भाषांतरात आपल्या शब्दांचा विपर्यास झाला आहे, हे टिळक ज्युरीला दिवसामागून दिवस समजावून सांगत राहिले. त्या ज्युरीत बहुसंख्य युरोपीय होते, त्यांना मराठी येत नव्हते. शिक्षा सहा वर्षांची झाली.