चार पानांचा आशिया

क्रूझच्या जहाजावर कोणी उपाशी राहिल्याचे ऐकिवात नाही. न्याहारीपासून मध्यरात्रीच्या पिझ्झापर्यंत बहुतेक सगळे तिकिटाच्या पैशांत आधीच धरलेले असते, आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळेतही बुफेसमोर ताटल्या घेऊन उभी असलेली माणसे पाहिली की समुद्राच्या हवेने भूक वाढते, या म्हणण्यावर विश्वास बसू लागतो. असे असूनही त्याच जहाजावर काही दालने अशी असतात, जिथे जेवायचे तर निराळे पैसे मोजावे लागतात, वेळ आधी राखून ठेवावी लागते आणि अर्ध्या चड्डीत येऊ नये, अशी नम्र सूचना पाळावी लागते. त्यांना स्पेशालिटी रेस्टॉरंट म्हणतात. पैसे भरून झालेले जेवण सोडून पुन्हा पैसे भरून जेवायला जाण्यात कसले शहाणपण आहे, असे मी पहिले तीन दिवस पत्नीला ऐकवत होतो. चौथ्या दिवशी मुख्य भोजनगृहातील साईच्या सॉसला मीच कंटाळलो आणि गुपचूप जाऊन आशियाई रेस्टॉरंटमध्ये दोघांसाठी टेबल राखून आलो.

‘आशियाई’ या शब्दाचीच मला आधी गंमत वाटली. आमच्या जहाजावर इटलीला स्वतंत्र दालन होते, फ्रान्सला स्वतंत्र दालन होते, आणि जगातल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या स्वयंपाकाला मिळून एकच दालन होते. मेन्यूच्या चार पानांत जपान, थायलंड, व्हिएतनाम, चीन, कोरिया आणि मलेशिया शेजारी शेजारी, कसलीही सीमा न आखता, नांदत होते. ही रीत आता या व्यवसायात चांगलीच रुळली आहे. हॉलंड अमेरिका लाइनच्या ‘युरोडॅम’ जहाजावर २००८ साली ‘टॅमरिंड’ नावाचे असेच रेस्टॉरंट सुरू झाले आणि ओशनिया कंपनीच्या ‘मरीना’वर २०११ साली ‘रेड जिंजर’ आले. एकाच्या नावात चिंच, दुसऱ्याच्या नावात आले. आंबट आणि तिखट या दोन चवी दारावर लिहिल्या की आत आशिया आहे हे पाहुण्याला कळते, असा बहुधा हिशेब असावा.

वेटरने एक लाकडी पेटी उघडून समोर धरली. तिच्यात रंगीबेरंगी चॉपस्टिक्स होत्या आणि त्यांतून आवडेल ती जोडी आपण निवडायची होती. पेन निवडावे तशा गांभीर्याने आम्ही त्या निवडल्या. खरे पाहता जपानी चॉपस्टिक्स आखूड आणि टोकाला निमुळत्या असतात, चिनी लांब आणि बोथट, कोरियन धातूच्या आणि चपट्या, तर थायलंडमध्ये भात चमच्याने खातात आणि काट्याचे काम तो चमच्यावर ढकलण्यापुरतेच असते. आमच्या टेबलावर मात्र सगळ्या देशांची कामगिरी त्या एकाच जोडीवर येऊन पडली, आणि माझ्या हातात ती एकाही देशाला शोभेल अशी चालली नाही.

सुरुवातीला मिसो सूप आले. वाडगा जेमतेम निम्मा भरलेला होता. मला आधी तो चिक्कूपणा वाटला. मग जहाज किंचित डोलले आणि त्यामागचे कारण समजले. जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली स्टॅबिलायझर नावाचे पंख असतात आणि ते हेलकावे बरेचसे गिळून टाकतात, पण जे उरतात ते सूपला बरोबर कळतात. वाडगा टेबलावर स्थिर, टेबल जमिनीला पक्के, आम्ही खुर्चीत ताठ, आणि सूपची पातळी मात्र एकदा पत्नीच्या बाजूला, एकदा माझ्या बाजूला झुकत होती. स्टॅबिलायझर निघण्यापूर्वीच्या काळात ताटे घसरू नयेत म्हणून जहाजावरचे वेटर टेबलक्लॉथ ओला करून ठेवीत. आमचा टेबलक्लॉथ कोरडा होता, यावरून समुद्र फारसा रागावलेला नाही असे मी स्वतःला समजावले आणि सुशीबरोबर आलेले मुरवलेले आले जरा जास्तच खाल्ले. ते दोन घासांमध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी असते; मी ते पोटाच्या शांततेसाठी खात होतो.

सुशीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चहूकडे समुद्र आणि समोर कच्चा मासा, त्यामुळे तो आत्ताच खालून काढला असावा, अशी भाबडी समजूत होते. प्रत्यक्षात तो माल भरण्याच्या बंदरावर, खोक्यांतून, बहुधा गोठलेल्या स्थितीत चढलेला असतो. कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस किंवा उणे ३५ अंशांना १५ तास गोठवलेला असावा, म्हणजे त्यातले परजीवी मरतात, असा अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमांचा दंडक आहे. काही जातींच्या ट्युनासारखे थोडे अपवाद सोडले तर तो बहुतेक माशांना लागू होतो. म्हणजे हजारो मैल समुद्र कापत असताना आम्ही जो मासा खात होतो, तो या पाण्याला पूर्ण अनोळखी होता. शिवाय ताटात सॅमन होता. जपानी लोक आपल्याकडचा सॅमन परजीवींच्या भीतीने कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव सॅमन तिथे नेटाने खपवला आणि मग तो सुशीवर चढला. जपानी म्हणून मागवलेला घास असा निम्मा नॉर्वेजियन निघाला.

एवढे लक्षात आल्यावर मला पॅड थायकडे सरळ नजरेने पाहता येईना. त्यातल्या परतलेल्या नूडल्सची रीत चिनी. शेंगदाणे मूळचे दक्षिण अमेरिकेचे, मिरचीही अमेरिका खंडातली, आणि दोन्ही सोळाव्या शतकापासून युरोपीय जहाजांच्या पोटात बसून आशियाच्या किनाऱ्यांना लागलेली. चिंचेच्या इंग्रजी नावाचे मूळ ‘हिंदी खजूर’ अशा अर्थाच्या अरबी शब्दात आहे, पण तिचे झाड मूळचे आफ्रिकेतले. शेजारच्या टेबलावर टेम्पुरा आला. ती तळणीही १५४३ नंतर जपानला पोचलेल्या पोर्तुगीजांच्या संगतीने तिथे रुजलेली. मेन्यूवर सगळ्या देशांची खिचडी केली म्हणून मी नाक मुरडत होतो, पण ती खिचडी या कंपनीच्या आचाऱ्यांनी केलेलीच नव्हती. ती कित्येक शतके आधी जहाजांनीच करून ठेवली होती, आणि त्या जहाजांवरच्या खलाशांना जेवताना अर्ध्या चड्डीची मनाई कोणी केली नसावी.

एका बाबतीत मात्र माझी तक्रार मी मागे घेत नाही. भाज्या आणि नूडल्स चांगल्या होत्या, पण त्यांना धुराची चव नव्हती. तापून लाल झालेल्या वोकमध्ये, म्हणजे चिनी कढईत, भडकलेल्या ज्योतीवर अन्न उडवले की त्याला जो खमंग करपट वास येतो, त्याला कॅन्टोनी भाषेत ‘वोक हेई’, म्हणजे वोकचा श्वास, म्हणतात. जहाजावर हा श्वास घेणे अवघड. भरसमुद्रात आग लागली तर पळून जायला जागा नसते, म्हणून जहाजावरचे लोक वादळापेक्षा आगीला अधिक भितात. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ साली झालेल्या ‘सोलास’ करारापासून सागरी सुरक्षेचे नियम कडक होत आले आणि त्यांत आगीविषयीचा भाग मोठा आहे. त्यामुळे बहुतेक प्रवासी जहाजांच्या स्वयंपाकघरात, म्हणजे गॅलीत, गॅसची ज्योत नसतेच. सगळा कारभार विजेवर चालतो. वोकसाठी खोलगट इंडक्शन शेगड्या मिळतात आणि त्या तापतातही भरपूर, पण वोक शेगडीवरून उचलून अन्न उडवले की उष्णता खालीच राहते. ज्योत मात्र कढईच्या मागे धावते.

वेटरने ताटल्या उचलताना नेहमीप्रमाणे विचारले, “सगळे आवडले ना?” तो इंडोनेशियाचा होता, नऊ महिन्यांच्या करारावर आलेला आणि त्यांतले सहा संपवलेला. पत्नीने, जी माझ्यापेक्षा खरे बोलते, तिखट कमी होते असे सांगितले. तो हसला. इथे मेन्यूवर तीन मिरच्या छापल्या असल्या तरी हात एकाच मिरचीचा चालतो, कारण पाहुण्यांना ते सोसत नाही, असे त्याने हळूच कबूल केले. “आणि तुम्ही स्वतः काय जेवता?” मी विचारले. “खाली या दालनाहून मोठे आशियाई रेस्टॉरंट आहे,” तो म्हणाला. म्हणजे कर्मचाऱ्यांची खानावळ. बऱ्याच जहाजांवर कर्मचाऱ्यांच्या डेकवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब बोळ जातो, त्याला ते अमेरिकेतल्या महामार्गावरून ‘आय-९५’ म्हणतात. त्या बोळाजवळच्या त्या खोलीत भात रोज असतो, सकाळीही असतो, आणि फिलिपिन्स, इंडोनेशिया व भारताची माणसे पाळी संपल्यावर तिथे बसतात. तिथे जायला पाहुण्यांना परवानगी नाही, आणि त्यासाठी टेबल राखून ठेवण्याची सोय तर नाहीच.

थोड्या वेळाने तो परत आला, तेव्हा त्याच्या हातात बशीवर ठेवलेली एक छोटी वाटी होती. गॅलीतल्या आचाऱ्याने स्वतःच्या माणसांसाठी केलेले संबल, म्हणजे मिरचीची चटणी, त्याने आमच्यासाठी मागून आणले होते. लालभडक, दाटसर, वर तेलाचा तवंग, आणि कोळंबीच्या आंबवलेल्या लगद्याचा असा वास की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वळवून पाहिले. मी बढाईने अर्धा चमचा भातावर घेतला. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. वेटर भिंतीशी हात मागे बांधून उभा होता; मधूनच येऊन, आमच्या चेहऱ्याकडे न पाहण्याची काळजी घेत, पाण्याचा ग्लास काठोकाठ भरून जात होता.