पॉवर टिलर आला आणि बैल हायवेवर गेले

पावसाळ्यात रात्री मुंबई-गोवा हायवेने आलात तर बघा, रस्त्याच्या मधोमध गुरं बसलेली असतात. आजूबाजूला सगळा चिखल, डांबर त्यातल्या त्यात कोरडं, म्हणून येऊन बसतात बिचारी. गाडीवाले शिव्या घालतात, ट्रक एखादीला उडवून जातो, आणि ती कोणाची होती ते गावात सगळ्यांना माहीत असतं पण बोलत कोणी नाही. पॉवर टिलर आला, बैलांचं काम संपलं, गुराखी मिळत नाही, पेंढा महाग, मग दावं सोडायचं आणि विषय संपला. ज्या घरात दोन म्हातारी माणसंच उरलीत त्यांना मी नावं ठेवत नाही, शेण काढायचं कोणी? माझा राग आहे तो दारात दोन गाड्या उभ्या असणाऱ्यांवर.

आमच्या वाडीत लहानपणापासून बघत आलेय, ज्या घरात भाकड गाईला "खायला काळ अन् भुईला भार" म्हणतात त्याच घरात म्हाताऱ्या आत्याला पण तेच ऐकावं लागतं. आणि उलटंही बघितलंय. आमच्या शेजारच्या काकींचा बैल आंधळा झाला होता, त्या रोज सकाळी त्याला भाताची पेज न्यायच्या आणि त्याच्यापुढे घमेलं ठेवायच्या आधी बोट बुडवून बघायच्या, फार गरम नाही ना. ह्याच काकी भातकापणीला आलेल्या बायकांना पडवीत स्वतःच्या शेजारी बसवून जेवायला वाढायच्या, जे तेव्हा वाडीत बऱ्याच जणांना खटकायचं.

आता कोणी म्हणेल, कुत्र्यामांजरांचे लाड करणारी माणसंही माणसांशी वाईट वागतात की. बरोबर आहे. आंब्याच्या बागांमध्ये राखणीला नेपाळी माणसं असतात, बायकापोरांसकट, माकडं हाकलायची, रात्री जागायचं. अशा एका बागेचे मालक मला माहितीयत, घरी लॅब्रेडॉर, त्याला एसी, वाढदिवसाला केक. आणि बागेतल्या राखणदाराची पत्र्याची खोप एप्रिलमध्ये अशी तापते की त्याची पोरं दिवसभर झाडाखाली असतात. त्याने एक गावठी कुत्री पाळलेली, तिला डुकराने फाडलं तेव्हा मालक म्हणाले, दुसरी आण की. पुढे तो स्वतः तापाने पडला तेव्हाही बोलणं तेच, दुसरा बघू. म्हणून मी लाडावरून माणूस ओळखत नाही, जो आपल्यावर अवलंबून आहे आणि उलटून बोलू शकत नाही त्याच्याशी कसा वागतो ते बघते.

कायद्याचं म्हणाल तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे १९६० चा, आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. एका वडापावचे पैसे! कोण घाबरणार?

पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर जाऊन या एकदा. पूर्वी तिथे कासवांची अंडी सर्रास उकरून नेली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे काम सुरू केलं आणि मुख्य म्हणजे गावातल्या लोकांनाच राखणीला घेतलं, कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घराघरात राहायला लागले, बायकांच्या हातात पैसा आला. तसंच मच्छीमारांचं. जाळ्यात देवमासा नाहीतर कासव अडकलं तर ते सोडायला जाळं कापावं लागतं, आणि ते नुकसान कोणी भरायचं? २०१८ पासून राज्य सरकार त्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. माणसाच्या पोटाचा विचार केला की माणूस पण प्राण्याचा करतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढच्या ग्रामसभेत मी दोन विषय मांडणार आहे, मोकाट गुरांसाठी वाडीच्या वरच्या पडीक जागेत शेड आणि बागांमधल्या राखणदारांच्या खोपींना पाणी आणि नीट छप्पर. दोन्ही एकाच अर्जात लिहिलेत, सह्या करायला या.