इनलाइन हॉकीचा हंगाम आणि बेळगावचा पाऊस

ईसीएचएल ही अमेरिका आणि कॅनडातली मधल्या दर्जाची व्यावसायिक आइस हॉकी लीग. ऑक्टोबर ते एप्रिल एकेका संघाला ७२ सामने. तिथं स्केटच्या पात्याला धार लावण्यापासून ओले हातमोजे वाळवण्यापर्यंत सगळं बघणारा माणूस संघासोबत असतो. आपल्याकडची ती इनलाइन हॉकी: बर्फ नाही, पात्याच्या जागी एका रांगेत चाकं, आणि तो माणूस म्हणजे घरची आई नाहीतर बाप. हे त्यांच्यासाठी.

आपल्याकडं उघड्या रिंकवरचा (स्केटिंगच्या मैदानावरचा) खेळ जूनमध्ये थांबतो आणि खरा जोर दसऱ्यानंतर धरतो. खानापूरकडं पाऊस जास्त, अथणीकडं कमी, तरी स्केट्सचं नुकसान सगळीकडं एकाच पद्धतीनं होतं: शेवटच्या दिवशी ओले, तांबड्या मातीनं भरलेले स्केट्स पिशवीत कोंबायचे आणि थेट सप्टेंबरात उघडायचे. तोवर बेअरिंग गेलेलं असतं.

स्केटमधलं बेअरिंग ६०८ मापाचं: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. चाकाला दोन, म्हणजे जोडीला १६. पाकिटावरच्या एबीईसी ७, ९ या आकड्यांवर लोक उगंच पैसे घालतात. तो आकडा फक्त घडणीतल्या अचूकतेचा. वळताना बाजूनं येणारा दाब, धूळ, वंगण यांचा त्यात विचारच नाही. ताशी २० किमी वेगात ७६ मिमीचं चाक मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतं, आणि कारखान्यातल्या कित्येक मोटारीसुद्धा त्याहून जास्त फिरतात. आपल्या मातीत आकड्यापेक्षा झाकण बघा. पत्र्याच्या झाकणाला (झेडझेड) कडेनं फट असते, त्यातून बारीक धूळ आत जाते. रबरी झाकण (टूआरएस) किंचित जड फिरतं, पण टिकतं.

धुताना रबरी झाकण आतल्या कडेकडून सुईनं अलगद उचलायचं. झाकणं साबणाच्या पाण्यात धुवा. टर्पेंटाइनमध्ये ठेवली तर रबर फुगतं. बेअरिंग मात्र रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये अर्धा तास बुडवून हलवायचं, आणि द्रावण स्वच्छ निघेपर्यंत बदलायचं. पेट्रोल वापरू नका, घरात आग लागायची. मग कापडावर आपटून पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी वंगण घाला, कारण वंगण धुऊन गेलेल्या पोलादाला पावसाळी हवेत एका रात्रीत गंज धरतो. बंद हॉलमधल्या गुळगुळीत फरशीसाठी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. उघड्या सिमेंटवर लिथियम ग्रीस बरं, तेही आतली एक तृतीयांशच जागा भरेल एवढं. ठासून भरलं तर चाक जड होतं. खोबरेल तेल कधीच नको. डिसेंबरच्या थंडीत ते थिजतं आणि पोरगं म्हणतं चाकच फिरत नाही.

धुऊन-वाळवूनही बोटावर फिरवताना खरखर लागली तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडलेत. ते टाकून द्या. बसवताना दोन बेअरिंगांच्या मधला स्पेसर (छोटी नळी) विसरू नका. तो नसेल तर ॲक्सल (चाकाच्या मधून जाणारा बोल्ट) आवळला की बेअरिंग बाजूनं दाबलं जातं, चाक अडतं, आणि दोष मात्र बेअरिंगला मिळतो.

चाकांचा कडकपणा ए मापात सांगतात, आकडा जास्त तितकं चाक कडक. गुळगुळीत हॉलला ७२ ते ७६ए, खरबरीत सिमेंटला ८२ए किंवा वर. मऊ चाक सिमेंटवर नेलं तर कडेचे तुकडे निघतात. पावसाळ्यात हॉलच्या फरशीवर ओल धरते, तिथं कडक चाक घसरतं. आधी फरशी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर चाक बदलूनही काही होत नाही. आतली कड झिजलेली दिसली की चाकं फिरवायची. चारही एका मापाची असतील तर पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, तेही दुसऱ्या पायात, झिजलेली बाजू बाहेर करून. पुढं ७६ मिमीची दोन, मागं ८० मिमीची दोन अशी जोडणी असेल तर हा नियम चालत नाही. तिथं पहिलं-दुसरं आणि तिसरं-चौथं अशीच अदलाबदल, पाय बदलून.

बूट उन्हात वाळवू नका, चिकटवलेले जोड सुटतात. आतलं अस्तर निघत असेल तर काढा, जुन्या पेपरचे गोळे भरा आणि पहिले भिजले की बदला.

स्टिकचं थोडक्यात: स्केट्स घालून उभं राहिल्यावर हनुवटीपर्यंत उंची पुरे. सिमेंटवर फायबरचं पातं लवकर झिजतं, तिथं एबीएसचं (टणक प्लास्टिकचं) घ्या. इनलाइनचा पक (बॉलच्या जागी वापरतात ती चपटी चकती) खालच्या छोट्या नायलॉनच्या खुंट्यांवर सरकतो. खरबरीत जागी तो उलटतो आणि खुंट्या घासून जातात, म्हणून अशा जागी बॉलवरच सराव करा.

बाहेरगावी स्पर्धेला जाताना पिशवीत दोन चाकं, वंगण घातलेली चार बेअरिंगं, दोन ॲक्सल, एक जास्तीची लेस आणि कापडी टेप असू दे. ॲक्सलला एल की (षटकोनी टोकाची चावी) लागते की टॉर्क्स (चांदणीच्या टोकाची), आणि कुठल्या मापाची, ते फ्रेमगणिक बदलतं. घरीच लावून बघा.