इटलीचा प्रवास: ग्लुटेन वर्ज्य आणि आहार शाकाहारी

सिलिअॅक आजारात गव्हासारख्या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला इजा करते. असा आजार असलेल्या व्यक्तीने पास्ता आणि पिझ्झाच्या देशात सुट्टी घालवावी, हे अनेकांना धाडसाचे वाटते. सप्टेंबरमध्ये पतीसोबत मिलान, जेनोवा, फ्लॉरेन्स आणि रोम असा प्रवास केल्यानंतर माझे मत नेमके उलट झाले आहे. गहू, जव आणि राय ही धान्ये आयुष्यभर वर्ज्य असलेल्या माणसाला इटलीत फारसे समजावून सांगावे लागत नाही. मात्र तो माणूस शाकाहारीही असेल, तर तयारी बरीच वाढते.

इटलीने २००५ साली १२३ क्रमांकाचा कायदा करून या आजाराला सामाजिक आजार म्हणून मान्यता दिली. शाळा, रुग्णालये आणि सरकारी उपाहारगृहांमध्ये मागणीनुसार ग्लुटेनविरहित जेवण देणे त्यामुळे बंधनकारक झाले, आणि रुग्णांना अशा खाद्यपदार्थांसाठी शासनाकडून दरमहा साहाय्यही मिळते. म्हणूनच ‘सोनो चेलियाका’ (पुरुषांनी ‘चेलियाको’ म्हणावे) एवढे सांगताच बहुतेक ठिकाणी वाढपी स्वतःहून स्वयंपाकघरात विचारायला जात असे. भारतात ‘थोडेसे खाल्ले तर काय होते’ हा प्रश्न वर्षानुवर्षे ऐकलेल्या मला याचे किती समाधान वाटले, हे हा आजार असलेल्यांनाच कळेल.

तयारीची सुरुवात घरच्या डब्यापासून करावी. आपल्या उपवासाच्या पदार्थांत ग्लुटेन नसते. राजगिरा, वरई, साबुदाणा आणि शिंगाडा यांवर प्रवासाचे पहिले दोन दिवस सहज निघतात. मात्र पीठ गिरणीवरून आणू नये, कारण त्याच जात्यात आधी गहू दळलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बहुधा गहू असतोच, आणि बाजारातील बांधानी हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असू शकते, त्यामुळे फोडणीचे पोहे न्यायचे असल्यास हिंगाच्या डबीवरील घटक वाचावेत किंवा हिंग वगळावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दूध आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे, म्हणून तूप व पेढे घरीच ठेवावेत. गुळातले राजगिऱ्याचे लाडू न्यावेत.

विमानात एक अडचण हमखास येते. विशेष जेवणाची नोंद बहुतेक कंपन्या प्रवाशागणिक एकच घेतात, आणि ग्लुटेनविरहित जेवणात मांस असू शकते. दोन्ही बंधने पाळणाऱ्याने ग्लुटेनविरहित जेवणच मागवावे, त्यातील फळे व भात खावा आणि बाकी भूक डब्यावर भागवावी.

उपाहारगृहात पदार्थात काय आहे यापेक्षा तो कसा शिजतो, हे विचारणे अधिक महत्त्वाचे आहे. ग्लुटेनविरहित पास्ता साध्या पास्त्याच्या पाण्यात उकळला, किंवा बटाटे पीठ लावलेल्या पदार्थांच्या तेलात तळले, तर त्यांचा उपयोग राहत नाही. मिलानमधील एका उपाहारगृहात यादीवर ‘सेन्त्सा ग्लूतिने’, म्हणजे ग्लुटेनविरहित, असे स्पष्ट लिहिलेले होते. परंतु भांडे वेगळे आहे का, असे विचारल्यावर वाढपी अडखळला, आणि आम्ही आभार मानून उठलो. असे उठण्यात मुळीच संकोच करू नये. इटालियन सिलिअॅक संघटना कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन उपाहारगृहांचे जाळे चालवते आणि त्यांची यादी मोबाइल अॅपवर देते. मुक्कामाचे ठिकाण ठरवण्यापूर्वीच ती यादी पाहावी, कारण रात्री दमून शोधाशोध करणे कठीण जाते.

आता पदार्थांविषयी. मिलानचा केशरी रिसोत्तो तांदळाचा असला, तरी परंपरेने त्यात मांसाचा रस्सा आणि बैलाच्या हाडातील मज्जा असते. म्हणून ‘ब्रोदो वेजेताले’, म्हणजे भाज्यांचा रस्सा, वापरला आहे का हे विचारावे. पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट (दूध साकळवणारे द्रव्य) वापरून बनते, आणि ते पेस्तो या तुळशीच्या चटणीतही असते. काटेकोर शाकाहारींनी ‘सेन्त्सा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असे सांगावे. पोलेंता ही मक्याच्या पिठाची लापशी चालते. उत्तरेकडील पित्सोक्केरी हा पास्ता कुट्टूचा म्हणून ओळखला जातो, पण त्यात गव्हाचे पीठही मिसळतात. सर्वांत फसवा आहे तो ‘फार्रो’: हा आपला खपली गहूच असून सूप आणि सॅलडमध्ये तो सर्रास घालतात. खपलीत ग्लुटेन नसते, हा आपल्याकडील समज चुकीचा आहे. कॉफीच्या दुकानात ‘ओर्झो’ म्हणजे जवाची कॉफी मिळते, हेही लक्षात ठेवावे.

जेनोवा मला सर्वाधिक आवडले, ते फारिनातामुळे. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढेच घालून ती तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीवर भाजतात, आणि तिची चव आपल्या बेसनाच्या धिरड्याच्या अगदी जवळची लागते. त्याच भट्टीत फोकाच्चा हा गव्हाचा चपटा पाव भाजला जात असेल, तर मात्र दुसरे दुकान शोधावे. आम्हाला ते सापडायला अख्खी दुपार लागली, पण गरम फारिनाता खाताना त्या दुपारचे काही वाटले नाही. फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे त्या टस्कनीतील रिबोल्लिता आणि पाप्पा अल पोमोदोरो ही सूपे पावावरच बेतलेली असल्याने तेथे पर्याय कमी पडले. आइस्क्रीम कोनाऐवजी कपात मागावे आणि धुतलेल्या चमच्याने, शक्यतो नव्या डब्यातून, काढून द्यायला सांगावे.

खरेदी सोपी आहे. हिरव्या क्रॉसची औषधदुकाने आणि मोठी सुपरमार्केटे दोन्हीकडे पाव, बिस्किटे व पास्ता मिळतात. युरोपीय नियमानुसार ‘ग्लुटेनविरहित’ असे लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही, आणि पाकीटबंद पदार्थांच्या घटकांच्या यादीत गहू, जव यांची नावे ठळक छापावी लागतात. ऑगस्टच्या मध्याला अनेक लहान उपाहारगृहे बंद असतात, तेव्हा तो काळ टाळावा. परतीच्या विमानात जेवणाची नोंद सापडली नाही तरी अडू नये, म्हणून शेवटच्या संध्याकाळी रोममध्ये पाव आणि फळे घेऊन ठेवावीत. आम्ही तसेच केले.