खोकता मोठे डौलात!

पंधरा दिवस झाले, ढास काही जात नाही. ज्येष्ठमध, अडुळसा, हळद-दूध, सगळं झालं. परवा नाटकाला गेलो आणि पहिल्याच अंकात उबळ आली. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून असं काही पाहिलं, की मी तोंडात रुमाल कोंबून बाहेर पडलो. तिथे पायरीवर बसून आठवला मोलिएर, सतराव्या शतकातला फ्रेंच नाटककार आणि नट.

त्यालाही असाच जुना खोकला. पण तो प्रमुख भूमिकेत, उठून बाहेर जाणार कुठे? पठ्ठ्यानं खोकल्यालाच नाटकात घेतलं. १६६८ सालचं त्याचं कंजुषाचं नाटक (अत्र्यांचं 'कवडीचुंबक' यावरूनच आलं) घ्या. म्हातारा आर्पागों कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघालाय आणि जुळवाजुळव करणारी फ्रोझिन त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतेय. बाकी ठीक आहे हो, हा खोकला तेवढा अधूनमधून येतो, असं तो कुरकुरतो. ती म्हणते, त्याचं काय एवढं, तुम्ही खोकता तेसुद्धा मोठे डौलात!

शेवटच्या नाटकात तर त्यानं कहरच केला. आर्गाँ हा धडधाकट गृहस्थ. खुर्चीत बसून औषधांची बिलं मोजतो आणि आपण आजारी आहोत यातच सुख मानतो. मोलकरीण डॉक्टरचा वेश घेऊन येते. डोकं दुखतं? फुप्फुस. जेवण रुचतं? फुप्फुस. जेवल्यावर डुलकी लागते? फुप्फुस! लोक हसतायत, आणि खुर्चीत बसलेल्या नटाचा छातीचा आजार मात्र खराखुरा. वर आर्गाँच्या तोंडी वाक्य काय, तर मी डॉक्टर असतो तर त्या मोलिएरला औषधाविना मरू दिलं असतं. लिहिणारा मोलिएर, म्हणणाराही मोलिएर.

१७ फेब्रुवारी १६७३, चौथा प्रयोग. शेवटच्या प्रवेशात त्याला झटका आला आणि तो त्यानं हसण्याखाली दडवला, असं सांगतात. प्रयोग पुरा करून घरी गेला आणि त्याच रात्री खोकताखोकता संपला. ती खुर्ची पॅरिसच्या कोमेदी-फ्राँसेज या नाट्यगृहात अजून जपून ठेवली आहे. राजाकडे गाद्या-पडद्यांचं काम बघणाऱ्या बापाचा हा मुलगा, आणि त्याची आठवण म्हणून उरली खुर्चीच.

घरी आलो, तर दारातच पुन्हा उबळ.

"डौलदार वाटतं का गं?"

बायकोनं न बोलता काढ्याचा पेला पुढे केला.