जाकड

पलंगाखाली सध्या ३१० पुस्तकं आहेत. सगळी एकच. केरसुणी आत जात नाही, हे मला घरात दिवसातून एकदा तरी ऐकावं लागतं.

पुस्तक मी वाईवर लिहिलं. इतिहास वगैरे नाही. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. मी लिहिलं ते घाटावर धुणं आपटणाऱ्या बायकांबद्दल, पाठीला भोपळा बांधून पोराला कृष्णेत ढकलणाऱ्या काकांबद्दल आणि उत्सवातल्या आमटीबद्दल. एसटीत ३३ वर्षं हिशेब लिहिले, त्यामुळे छपाईचा हिशेब चोख केला. १६० पानं, ५०० प्रती, किंमत २०० रुपये. आयएसबीएन क्रमांक सरकारने फुकट दिला. या सगळ्या व्यवहारात मला फुकट मिळालेली ती एकच गोष्ट. त्यानंतरचं सगळं फुकट मी दिलं.

प्रकाशनाला हॉल भरला. पाहुणे पाऊण तास बोलले, त्यातली चाळीस मिनिटं स्वतःच्या बालपणावर. बटाटेवडे संपले आणि १९ प्रती खपल्या. दाराशी टेबल मांडून भाचा बसला होता. लोक पुस्तक उचलायचे, मागचा माझा फोटो बघायचे, "फोटो जुना आहे वाटतं" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. नातेवाईक तर टेबलाकडे फिरकलेच नाहीत. "आम्हाला तू देशीलच की!" दिलं. सही करून, 'सप्रेम भेट' लिहून दिलं. आत्येबहिणीने दोन घेतली, एक विहिणीसाठी.

मग दुकान. आमच्याकडे पुस्तकांचं दुकान म्हणजे वह्या, गाईडं, कंपासपेट्या आणि जूनमधली झुंबड. मालक भला माणूस. म्हणाला, "अप्पा, जाकड ठेवा. विकलं तर चाळीस टक्के माझे." जाकड म्हणजे विकलं तर पैसे, नाहीतर माल परत. पंचवीस ठेवली. पंधरा दिवसांनी गेलो तर माझ्या गठ्ठ्यावर ग्राफपेपर. विकत घेतलेल्या मालावर कोण ग्राफपेपर ठेवेल? जाकड मालाची काळजी फक्त ठेवणाऱ्याला.

ग्रंथालयांची तऱ्हा निराळी. १९६७ च्या कायद्याने राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळतं, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. मी चारही वर्गांत हिंडलो. "अनुदान आलं की बघू. तोवर एक प्रत देणगी द्या ना, तुमचं नाव फळ्यावर लिहितो." फळ्यावर नाव बघायचा मोह मला आवरला नाही, हे कबूल करतो.

कृष्णाबाईच्या, म्हणजे आमच्या कृष्णा नदीच्या, उत्सवात मात्र हमखास खपेल असं वाटलं होतं. एकेका घाटाचा उत्सव पाळीपाळीने होतो, गाव लोटतं. मी मंडपाच्या कडेला टेबल टाकलं. पण आमटी-भात जेवून हात धुवायला निघालेला माणूस पुस्तकाला हात कसा लावणार? आणि हात धुऊन आला की तो सुपारी शोधत असतो. तरी १४ गेली. त्यातलं एक घेऊन धर्मपुरीचे एक गृहस्थ तासाभरात परत आले. ओळ न ओळ वाचून नव्हे, पानं मोजून. "गणपती आळीला सव्वीस पानं, आणि आमच्या घाटाला दीड?"

इथेच मला पहिल्यांदा कळलं की गावात आपलं पुस्तक कोणी पुस्तक म्हणून उघडत नाही. लग्नाच्या अल्बमसारखं उघडतात. आपण कुठे आहोत? मग आपले वडील? नसले तर लेखकाचं काहीतरी जुनं बिनसलेलं असणार. एकाने रस्त्यात थांबवून विचारलं, "आमच्या आजोबांच्या पेढीचा उल्लेख नाही, मुद्दाम का?" पेढी होती हेच मला माहीत नव्हतं. कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवली आहे. ती तिथे सुखात असेल. तिला तिथे कोणी आजोबा विचारत नाही.

शिवाय हे गाव विश्वकोशाचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ चा, आणि हे काम चाललं इथे, वाईत. त्याचा परिणाम असेल, पण आमच्याकडे घरटी एक संपादक आहे. विकत घेणारा नाही, तपासणारा.

गेल्या आठवड्यात शेजारच्या मालूकाकूंनी त्यांना भेट दिलेली प्रत परत आणून दिली. वाचून झाली म्हणून. "आणि मी एकटीने नाही हं वाचलं," म्हणाल्या. कव्हर सुटलेलं, त्याला पिशवीचा कागद चिकटवलेला. मागच्या कोऱ्या पानावर भिशीच्या यादीसारखी नावं, एकाखाली एक, अकरा घरं, वाचून झाल्याची खूण प्रत्येकापुढे. मनातला हिशेबनीस जागा झाला: अकरा गुणिले दोनशे. बावीसशे रुपये बुडाले.

मग आत बघितलं. समासांत पेन्सिल, निळं पेन, एके ठिकाणी बहुधा काजळाची कांडी. 'भोपळा नव्हे, पत्र्याचा डबा.' 'ही बाई माझी मावशी, उजव्या नव्हे डाव्या डोळ्याने अधू.' आमटीच्या पानावर तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत गुळाचं प्रमाण, आणि तिघांचं एकमेकांशी भांडण. धर्मपुरीच्या दीड पानाला चार कागद टाचणीने जोडलेले, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. त्यात त्या पेढीचाही पत्ता होता.

यादीत नववं नाव आमच्या घरचं. हस्तलिखित वाचायला हिला कधी वेळ नव्हता. शेवटी, बारावं, काकूंच्या अक्षरात: 'अप्पा – दुरुस्तीसाठी.' पुढे खूण नव्हती.

चष्मा पुसून पेन्सिल घेऊन बसलो. आतून आवाज आला, "डबाच होता. मी पण तोच बांधून शिकले."